तबकडीचे जनक : एमिल बर्लिनर

प्रश्नमंजूषेत ग्रामोफोनचा शोध कोणी लावला असे विचारले की बहुतेक हात एडिसन यांच्या नावासाठी वर होतात. ते अगदीच चूक नाही. बोललेले शब्द साठवून पुन्हा ऐकवणारे पहिले यंत्र, म्हणजे फोनोग्राफ, एडिसन यांनीच १८७७ साली बनवले. पण त्यावर आवाज कोरला जाई तो नळकांड्यावर. आजोबांच्या कपाटात जपून ठेवलेली काळी, सपाट, गोल रेकॉर्ड, आणि 'ग्रामोफोन' हे नावसुद्धा, एमिल बर्लिनर या दुसऱ्याच माणसाची देणगी आहे.

बर्लिनर यांचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हानोवर शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. घरात तेरा भावंडे, वडील व्यापारी, आईला संगीताची आवड. चौदाव्या वर्षी त्यांचे शालेय शिक्षण संपले. त्यानंतर छापखान्यात उमेदवारी आणि पुढे कापडाच्या दुकानात कारकुनी. छापखान्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

१८७० साली, युद्धाचे ढग जमलेले असताना, एका परिचिताच्या ओळखीवर ते अमेरिकेत वॉशिंग्टनला दुकानात नोकरीसाठी गेले. पुढे न्यूयॉर्कला दिवसा मिळेल ते काम आणि रात्री कूपर इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यास असा क्रम चालला. याच काळात फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत ते साफसफाईचे काम करत. याच फालबर्गनी पुढे सॅकरिन शोधून काढले. महाविद्यालयाची पदवी बर्लिनर यांच्याकडे कधीच नव्हती. १८७६ साली बेल यांचा टेलिफोन जगापुढे आला. त्यात आवाज फारच क्षीण येई. बर्लिनर यांनी भाड्याच्या खोलीत खटपट करून १८७७ साली त्यासाठी सुधारित मायक्रोफोन तयार केला. बेल कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यांना नोकरीही दिली. हाती थोडा पैसा आला तसे ते नोकरी सोडून आवाजाच्या मागे लागले.

फ्रान्समध्ये लेऑं स्कॉट यांनी १८५७ सालीच काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची नागमोडी रेघ काढून दाखवली होती. रेघ दिसत असे, ऐकू मात्र येत नसे. बर्लिनर यांनी विचार केला, ही रेघ धातूत कोरली तर? त्यांनी जस्ताच्या सपाट पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला. कर्ण्यात गायले की सुई थरथरे आणि मेण खरवडून रेघ उमटे. मग तो पत्रा आम्लात बुडवायचा. मेण जिथे निघाले तिथेच आम्ल धातू खाते आणि रेघेची खाच तयार होते. एडिसन यांच्या नळकांड्यावर सुई वरखाली होई, म्हणजे खाच खोल-उथळ असे. बर्लिनर यांची सुई डावी-उजवीकडे डुले. या शोधाचे पेटंट त्यांना नोव्हेंबर १८८७ मध्ये मिळाले आणि १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी हे यंत्र विद्वानांपुढे वाजवून दाखवले.

खरी करामत यापुढची आहे. त्या पत्र्यावरून धातूचा उलटा ठसा घ्यायचा आणि त्या ठशाने हव्या तेवढ्या तबकड्या दाबून काढायच्या. छापखान्यात पुस्तक निघते तसेच हे! नळकांड्यांच्या प्रती काढणे सुरुवातीला इतके जिकिरीचे होते की गायकाला तेच गाणे दिवसभर पुन्हा पुन्हा गावे लागे. आता एकदा गायले की पुरे. गंमत म्हणजे त्या काळी कानाला नळकांडेच अधिक गोड लागे. तबकडी खरखरे. तरी जिंकली ती तबकडीच, कारण ती स्वस्त पडे, घडवंचीवर एकावर एक रचता येई आणि घरोघर पोहोचे.

पहिल्या तबकड्या मात्र खेळण्यातल्या होत्या. जर्मनीतील एका बाहुल्या बनवणाऱ्या कारखान्याने १८८९ च्या सुमारास हाताने फिरवायचा छोटा ग्रामोफोन काढला. त्याच्या तबकड्या जेमतेम साडेबारा सेंटिमीटरच्या, म्हणजे आपल्या सीडीपेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठ्या. त्यांपैकी एकीवर खुद्द बर्लिनर यांनी 'ट्विंकल ट्विंकल' म्हटले आहे.

आधी तबकड्या कठीण रबराच्या असत, पण त्या वाकत आणि काही ठिकाणी ठसा नीट उमटत नसे. १८९५ च्या सुमारास एका बटणे करणाऱ्या कंपनीकडून लाखेच्या मिश्रणाची तबकडी करून घेतली आणि अडचण सुटली. लाख म्हणजे तीच, बांगड्यांची. जगाला ती प्रामुख्याने भारतातून जाई. पुढची पन्नासएक वर्षे जगभरच्या गायकांचे आवाज आपल्या जंगलातल्या किड्यांच्या लाखेवर जगले, असे म्हटले तरी चालेल. १८९६ मध्ये एल्ड्रिज जॉन्सन या कुशल कारागिराने चावीची मोटर जोडून दिली आणि हाताने फिरवणे थांबले.

१८९८ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी निघाली. हानोवरमध्ये एमिल आणि त्यांचे भाऊ जोसेफ यांनी डॉइचे ग्रामोफोन स्थापन केली. बर्लिनर यांच्या हाताखाली तयार झालेले फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली ध्वनिमुद्रणाचे सामान घेऊन कोलकात्यात उतरले आणि गौहर जान यांचे गाणे तबकडीवर आले. त्या तबकड्या छापून निघाल्या हानोवरला. तबकडीमुळे आपले केवढे भले झाले हे बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. बडोद्याच्या दरबारात गायलेले अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, पण त्यांचे सूर आजही ऐकता येतात. उलट बडोदे संस्थानातल्या कठोर गावी जन्मलेल्या भास्करबुवा बखल्यांचे गाणे केवढे होते हे फक्त वाचायचे, कारण त्यांची एकही ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळत नाही.

इकडे अमेरिकेत स्वतः बर्लिनर यांच्यावर विचित्र प्रसंग आला. विक्रीचे काम ज्याच्याकडे सोपवले होते त्या फ्रँक सीमन यांच्याशी बिनसले, प्रकरण कोर्टात गेले आणि १९०० साली खुद्द शोधकालाच आपली यंत्रे अमेरिकेत विकण्याची मनाई झाली. त्यांनी आपला व्यवसाय कॅनडात माँट्रियलला नेला. जॉन्सन यांनी १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी काढून अमेरिकेची बाजारपेठ काबीज केली. बर्लिनर यांचा त्या कंपनीत वाटा होता, पण नाव मागे पडले ते पडलेच.

दुसरा कोणी कुढत बसला असता. यांनी दुधाकडे लक्ष वळवले. त्यांची लहान मुलगी आजारातून कशीबशी वाचली होती. कच्च्या, अस्वच्छ दुधाने बालके दगावतात हे ध्यानात आल्यावर त्यांनी वॉशिंग्टनमध्ये शुद्ध, तापवलेल्या दुधासाठी वर्षानुवर्षे प्रचार केला. मुलांना स्वच्छता शिकवणाऱ्या कवितांचे पुस्तकही लिहिले. आईच्या नावाने स्त्री संशोधकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. शिवाय मुलगा हेन्री याच्याबरोबर हेलिकॉप्टरचे प्रयोग चालूच होते. ३ ऑगस्ट १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीवर खर्च करू नये, त्याऐवजी गरीब मातांना मदत द्यावी, अशी त्यांची इच्छा होती. त्याच वर्षी एडिसन यांच्या कंपनीने नळकांडी बनवणे बंद केले.

तबकडी पुढे बदलत गेली. १९४८ मध्ये व्हिनाइलची लाँग प्ले आली आणि तीन-चार मिनिटांऐवजी एका बाजूला वीसेक मिनिटे गाणे मावू लागले. मग १७ ऑगस्ट १९८२ रोजी बाजारासाठीची पहिली सीडी छापून निघाली. कुठे, तर हानोवरला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या कारखान्यात! ज्या पॉलिग्राम कंपनीचा तो कारखाना होता, तिच्यात बर्लिनर बंधूंची कंपनीही सामावलेली होती.

सीडीवर आवाजाची रेघ नसते, आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजून ते मोजमाप सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने ठेवलेले असते आणि लेझरचा किरण ते वाचतो. सुई घासत नाही, म्हणून झीज नाही, खरखर नाही. अगदी हलका आणि अगदी मोठा आवाज यांतला फरक सीडीला अधिक पेलतो. रेकॉर्डवर फार मोठा खर्ज कोरला तर सुई उडी मारते, आणि आतल्या वर्तुळांशी आल्यावर आवाज जरा खराब होतो. उपकरणांनी मोजाल तर सीडी सरस, यात वाद नाही. तरीही अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा रेकॉर्ड जास्त विकल्या गेल्या, असे १९८७ नंतर प्रथमच घडले. शौकीन मंडळी म्हणतात, रेकॉर्डचा आवाज जिवंत असतो. आजच्या कित्येक रेकॉर्ड संगणकातल्या आकड्यांवरूनच कापल्या जातात, तेव्हा हे कौतुक थोडे सांभाळूनच घ्यावे. मला वाटते, ओढ आहे ती ऐकण्याच्या रीतीची. पाकिटातून तबकडी काढायची, पुसायची, सुई अलगद टेकवायची. एक बाजू संपली की उठून उलटायची. मधले गाणे गाळून पुढे जाणे सोपे नाही, त्यामुळे माणूस बसून ऐकतो.

घरी जुनी रेकॉर्ड असेल तर मोठ्यांना विचारून ती एकदा हातात घ्या. दोन्ही तळव्यांनी काठाला धरा, खाचांना बोट लावू नका. खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात भिंगातून पाहा. गाणे जिथे चढले आहे तिथे रेघ अधिक डुललेली दिसेल, दोन गाण्यांच्या मध्ये ती शांत असेल.