साध्वी मोनिकेची प्रार्थना

ज्युबिलीचें वर्ष हें कृतज्ञतेचें वर्ष होय. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, ह्याची नोंद दप्तरांत सांपडते. परंतु घरांतील वाट चुकलेल्या माणसासाठीं कोणीं किती रात्री जागून काढल्या, ह्याची नोंद केवळ परमेश्वरापाशीं असते. अशा प्रार्थना करणाऱ्या आयांची व पत्नींची आश्रयदात्री म्हणजे साध्वी मोनिका. तिचें चरित्र भाविकांपुढें ठेवण्यास ह्याहून योग्य प्रसंग तो कोणता?

उत्तर आफ्रिकेंत, आजच्या अल्जीरिया देशांत, थागास्ते नांवाच्या गांवीं सुमारें ३३१ सालीं एका ख्रिस्ती कुटुंबांत तिचा जन्म झाला. तिचा विवाह पॅट्रिशियस नामक गृहस्थाशीं झाला. तो नगरसभेचा सभासद होता व मनानें दिलदार होता. परंतु तो ख्रिस्ती नव्हता, शीघ्रकोपी होता आणि पत्नीशीं एकनिष्ठही नव्हता. त्यांत दासींच्या चहाड्यांनीं सासूचें मन कलुषित झालेलें. मोनिकेनें भांडण वाढविलें नाहीं. पतीचा राग ओसरल्यावर, योग्य वेळ पाहून, ती आपलें म्हणणें त्यास समजावून सांगे. सासूची मर्जी तिनें सेवेनें व सहनशीलतेनें अशी संपादिली कीं, शेवटीं सासूनेंच त्या चहाडखोर दासींची तक्रार मुलाकडे केली. पतीचा अन्याय हा न्याय ठरतो असा ह्याचा अर्थ नव्हे. द्वेषाला तिनें आपल्या मनांत घर करूं दिलें नाहीं, एवढाच ह्याचा अर्थ. आयुष्याच्या अखेरीस पॅट्रिशियसनें बाप्तिस्मा घेतला व सुमारें ३७१ सालीं तो मरण पावला.

पतीची चिंता मिटली, तोंच पुत्राची सुरू झाली. ३५४ सालीं १३ नोव्हेंबर रोजीं जन्मलेला ऑगस्टिन बुद्धीनें तेजस्वी होता. वक्तृत्वशास्त्र शिकण्यासाठीं तो कार्थेज शहरीं गेला. तेथें त्यानें एका स्त्रीबरोबर विवाहावांचून संसार मांडला व त्यांना अदेओदातुस नांवाचा पुत्र झाला. पुढें तो मानी नामक इराणी पुरुषाच्या पंथांत शिरला. प्रकाश व अंधकार अशीं दोन अनादि तत्त्वें परस्परांशीं झगडत आहेत, अशी त्या पंथाची शिकवण होती. ऑगस्टिन घरीं परतला तो आईच्या श्रद्धेची थट्टा करीतच. त्या निंदेचा तिला असा वीट आला कीं, त्याच्याबरोबर एका घरांत राहणें व एका पंक्तीस जेवणें तिला नकोसें झालें.

अशा वेळीं तिला एक स्वप्न पडलें. ती एका लांकडी पट्टीवर उभी राहून रडत असतां एका तेजस्वी तरुणानें तिला दाखविलें कीं, जेथें ती उभी आहे तेथेंच तिचा पुत्रही उभा आहे. तिनें मुलाला पुन्हां घरांत घेतलें. त्याचीं मतें तिनें स्वीकारलीं नाहींत. पण दारही लावून घेतलें नाहीं. एका बिशपांना तिनें गळ घातली कीं, त्यांनीं मुलाशीं वाद करून त्यास ताळ्यावर आणावें. ते स्वतः बालपणीं त्याच पंथांत वाढलेले होते. त्यांनीं तिला वादाचा नाद सोडून केवळ प्रार्थना करण्यास सांगितलें. आणि तिचे अश्रु थांबत ना, तेव्हां अशा अश्रूंचा पुत्र नाश पावणें अशक्य आहे, असा धीर देऊन त्यांनीं तिला निरोप दिला.

३८३ सालीं ऑगस्टिननें रोमला जाण्याचें ठरविलें. आई सोडीना, म्हणून त्यानें तिला फसविलें. मित्राला निरोप द्यावयाचा आहे असें भासवून त्यानें तिला बंदराजवळील संत सिप्रियनच्या मंदिरांत रात्र काढावयास लाविलें व स्वतः जहाज गांठलें. मुलानें जाऊं नये, हेंच मागणें ती त्या रात्रभर मागत होती. सकाळीं समुद्रकिनारा रिकामा होता.

भाविकहो, तें मागणें परमेश्वरानें नाकारिलें. कारण ज्या मोठ्या मागण्यासाठीं ती इतकीं वर्षें रडत होती, तें पुरें होण्याची वाट त्याच समुद्रावरून जात होती. रोमहून ऑगस्टिन मिलानला गेला आणि तेथें बिशप संत ॲम्ब्रोज ह्यांचीं प्रवचनें त्याच्या कानीं पडलीं.

पुढें मोनिकाही समुद्र ओलांडून मिलानला पोहोंचली; वाटेंत वादळ झालें तेव्हां तिनेंच खलाशांना धीर दिला. मिलान येथें तिनें पुत्राचें लग्न एका कुलीन मुलीशीं जुळविलें. त्यासाठीं अदेओदातुसच्या आईस आफ्रिकेला परत जावें लागलें. तिचें नांवही इतिहासास ठाऊक नाहीं. परंतु तिच्या वियोगाची जखम ऑगस्टिनला दीर्घकाळ सलत राहिली. साध्वी मोनिकेचे बेतही येथें मानवीच होते. ख्रिस्ती होऊन सुखानें संसार करणारा पुत्र एवढीच तिची अपेक्षा होती.

३८६ सालीं मिलानमधील एका बागेंत ऑगस्टिनचें हृदय पालटलें. तो घरांत गेला व हें वृत्त त्यानें आईला सांगितलें. त्यानें विवाहाचाही विचार सोडिला होता. तिनें मागितलें त्याहून अधिक तिला मिळालें. ३८७ च्या पास्काच्या रात्रीं संत ॲम्ब्रोजच्या हस्तें त्यास व अदेओदातुसला बाप्तिस्मा मिळाला.

त्याच वर्षीं मायदेशीं परततांना रोमनजीकच्या ओस्तिया बंदरीं, खिडकींत उभे राहून मायलेक स्वर्गसुखाविषयीं बोलत राहिले. पुढें थोड्याच दिवसांनीं तिला ताप आला व ५६ व्या वर्षीं तिनें देह ठेविला. पतीशेजारीं आपली कबर असावी अशी तिची जुनी इच्छा. तीही तिनें सोडून दिली. प्रभूच्या वेदीपाशीं आपली आठवण करावी, एवढेंच तिनें पुत्रांपाशीं मागितलें. ऑगस्टिन पुढें हिप्पोचा बिशप व देऊळमातेचा महान आचार्य झाला. हें तिनें पाहिलें नाहीं.

तिचा सण २७ ऑगस्टला व पुत्राचा दुसऱ्याच दिवशीं येतो. आपल्या गोव्यांतही १७ व्या शतकाच्या आरंभीं तिच्या नांवानें धर्मभगिनींचा मठ उभारला गेला. तेव्हां ज्यांच्या घरीं कोणी मिस्सेला येत नाहीं, ज्यांचे पतिपत्नी किंवा मायलेक एकमेकांशीं बोलत नाहींत, त्यांनीं प्रार्थना सोडूं नये व दारही लावूं नये. आपला बेत परमेश्वरानें मोडला, तर त्यानें आपली हांक ऐकलीच नाहीं असें समजूं नये. आणि ज्युबिलीच्या पवित्र मिस्सेंत, ज्यांच्या अश्रूंनीं आपण श्रद्धेंत टिकलों, त्या आपल्या दिवंगत मातांची वेदीपाशीं आठवण करावी.