लेंकरांचे सखे संत फ्रान्सिस झेविअर

ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं धर्मग्रामाचा हिशेब मांडावयास बसलों, म्हणजे देवालयाच्या भिंती, घंटा, बाप्तिस्म्यांच्या नोंदी यांजकडे आमचें लक्ष प्रथम जातें. परंतु आणखी एक हिशेब आहे, व तो देण्यास आम्ही कचरतों. हिंगोली जिल्ह्यांतील आमच्या वाड्यावस्त्यांवरून माउल्या कडेवर लेंकरूं घेऊन रविवारच्या पवित्र मिस्सेस येतात. लेंकरूं रडूं लागलें कीं पुढच्या माना मागें वळतात, आणि ती माउली ओशाळून दाराबाहेर जाते. तिची मिस्सा ओट्यावरच संपते. खरें सांगावयाचें तर माना वळविणारांत आम्हीही होतों. म्हणून आज आम्ही एका अशा महात्म्याचें चरित्र आठवितों, कीं ज्यांनीं आपलें हिंदुस्थानांतील कार्यच मुलांस हांक मारून आरंभिलें.

संत फ्रान्सिस झेविअर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नवार राज्यांतील झेविअर नामक गढींत झाला. त्यांचे वडील राजदरबारीं मोठ्या अधिकारावर होते. परंतु १५१२ सालीं शेजारच्या राजसत्तेनें नवार जिंकलें, १५१५ सालीं वडील निवर्तले आणि पुढील वर्षीं गढीचे तटबुरूज पाडण्यांत आले. अशा रीतीनें दहा वर्षांच्या आंतच पितृछत्र व वैभव दोन्ही हरपलें. लहानपणचें दुःख म्हणजे काय, हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं.

१५२५ सालीं ते पॅरिस येथें विद्यार्जनास गेले. तेथें इग्नेशियस लोयोला यांची संगति घडली व विद्वत्तेनें कीर्ति मिळविण्याची हांव हळूहळू मावळली. १५३४ सालीं सातही मित्रांनीं माँमार्त्र येथें व्रतें घेतलीं. १५३७ सालीं व्हेनिस येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली. पुढें पोर्तुगालच्या राजाच्या विनंतीवरून ते आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं लिस्बन सोडून निघाले, आणि १३ महिन्यांच्या खडतर प्रवासानंतर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले.

पोपसाहेबांचे प्रतिनिधि म्हणून आलेला हा पुरुष कोणत्याही थाटाच्या वाड्यांत न राहतां रुग्णालयांत राहिला. सकाळीं रोग्यांची व बंदिवानांची सेवा करावी आणि दुपारीं हातांत लहानशी घंटा घेऊन गल्लोगल्लीं फिरावें, असा त्यांचा नेम असे. घंटेचा नाद ऐकून मुलें धांवत येत. त्यांच्यासवें गुलामही येत. ही सर्व पलटण घेऊन ते रुग्णालयानजीकच्या पवित्र मारियेच्या लहान देवालयांत जात. कित्येकदां तेथें ३०० हून अधिक मुलें जमत. शिकविण्याची भाषा पंडिताची नसे. तेथील सामान्य लोक जशी मोडकी पोर्तुगीज बोलत, तशीच ते बुद्ध्या बोलत. विश्वासांगिकार, आमच्या बापा, नमो मारिया, दहा आज्ञा हें सर्व मोठ्यानें व एकसुरांत म्हणविलें जाई. तें पाहून बिशपसाहेबांनीं शहरांतील इतर देवालयांतही हीच वहिवाट पाडण्यास आज्ञा केली. पॅरिसच्या विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकविलेल्या गुरूनें रस्त्यांत घंटा वाजवावी, यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते दक्षिणेकडील मोतीमाशांच्या किनाऱ्यावर परवर कोळ्यांत गेले. या लोकांचा बाप्तिस्मा कांहीं वर्षांपूर्वींच झाला होता, परंतु शिकविणारें कोणी नव्हतें. झेविअर यांनीं दुभाष्यांच्या मदतीनें प्रार्थना तमिळ भाषेंत उतरविल्या व स्वतः तोंडपाठ केल्या. तेथील मुलें तर त्यांस जेवूं, निजूं अथवा आपली नित्यप्रार्थना म्हणूं देत नसत. नवी प्रार्थना शिकविल्यावांचून तीं हालतच ना! जें शिकलें तें घरीं जाऊन आईबापांस व शेजाऱ्यांस शिकविण्याचें काम त्यांनीं मुलांवरच सोंपविलें. इतकेंच नव्हे, तर आजाऱ्यांकडून बोलावणें आलें आणि स्वतःस जाणें अशक्य झालें, म्हणजे ते मुलांस त्या घरीं पाठवीत. मुलें घरच्यांस व शेजाऱ्यांस गोळा करून रोग्याच्या अंथरुणाशीं विश्वासांगिकार म्हणत.

पुढें मलाक्का, मोलुक्का बेटें व १५४९ सालीं जपान अशी त्यांची वाटचाल झाली. चीनच्या दारांत, सान्शियान बेटावर, ३ डिसेंबर १५५२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. तेव्हां त्यांचें वय अवघें ४६ होतें. १६२२ सालीं त्यांस संतपद मिळालें. १९२७ सालीं संत तेरेजाबरोबर त्यांस मिशनकार्याचे आश्रयदाते ठरविण्यांत आलें. त्यांचा देह गोव्याच्या बॉं जेजू देवालयांत आजही आहे.

या चरित्राचें मर्म आम्हांस असें दिसतें: झेविअर यांनीं मुलांस केवळ सोसलें नाहीं, तर त्यांस वांटा दिला. स्वस्थ बसविलेलें मूल चुळबुळ करणारच. ज्याच्या हातीं काम आहे तें मूल देवघरांत रमतें. ख्रिस्तसभेची वाटही हीच आहे. पोप दहावे पायस यांनीं १९१० सालीं सुमारें सात वर्षांच्या मुलांस पवित्र ख्रिस्तशरीर घेण्याची मोकळीक दिली, आणि १९७३ सालीं रोमनें मुलांसहित करावयाच्या मिस्सेविषयीं खास मार्गदर्शिका काढली.

तेव्हां, प्रिय बंधुभगिनींनो, हळदीच्या काढणीनें थकलेली माउली लेंकरासह दारीं आली, तर तिला पुढें जागा द्यावी. मुलांस अर्पणाच्या मिरवणुकींत फुलें धरूं द्यावीं, प्रार्थना मोठ्यानें म्हणूं द्यावी, आजाऱ्याच्या घरीं आपल्यासवें न्यावें. येत्या ३ डिसेंबरास, संतांच्या सणाच्या दिवशीं, लेंकरूं रडलें तरी एकही मान मागें वळूं नये, एवढा नेम आम्ही स्वतःसाठीं केला आहे. आपणही तो करावा, आणि आमच्या देवालयाची घंटा मुलांस हांक वाटावी, अशी संत फ्रान्सिस झेविअर यांच्या मध्यस्थीनें प्रभु येशूजवळ आमची प्रार्थना आहे.