भुईआवळी तपासणारे नोबेल विजेते

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. १९२५ साली याच तारखेला न्यूयॉर्कमध्ये डॉ. बारुक ब्लुमबर्ग यांचा जन्म झाला, म्हणून हा दिवस निवडला गेला.

ब्लुमबर्ग काविळीचा शोध घेत नव्हते. एकच आजार काहींना गाठतो आणि काहींना सोडतो, यामागचे आनुवंशिक कारण त्यांना हवे होते. त्यासाठी ते देशोदेशींच्या लोकांच्या रक्ताचे नमुने जमवत. वारंवार रक्त द्यावे लागलेल्या एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्ताशी अभिक्रिया झाली आणि एक अनोळखी प्रथिन सापडले. ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणातले होते, हे पुढे सिद्ध झाले. त्यामुळे दात्यांचे रक्त तपासता येऊ लागले. १९६९ मध्ये ब्लुमबर्ग आणि आयर्विंग मिलमन यांनी लसीची पद्धत मांडली. १९७६ मध्ये ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

लस लागण टाळते, पण आधीच लागण झालेल्यांचे काय? निरोगी प्रौढाला लागण झाली, तर शंभरांपैकी सुमारे ९५ जणांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते. जन्मताना लागण झालेल्या दहापैकी सुमारे नऊ बाळांत मात्र तो कायमचा मुक्काम ठोकतो. त्यांची प्रतिकारशक्ती त्याच्याशी नीट लढतच नाही.

अशा रुग्णांसाठी ब्लुमबर्ग भारतातील पारंपरिक औषधांकडेही वळले. मद्रासचे डॉ. एस. पी. त्यागराजन आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी काविळीवर दिली जाणारी भुईआवळी तपासली. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. महिनाभर औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे ते प्रथिन नाहीसे झाले होते. औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली मात्रा घेणाऱ्या २३ पैकी फक्त एकाच्या. आशा वाढली. पण पुढे इतरांनी केलेल्या चाचण्यांत तसा गुण दिसला नाही, त्यामुळे भुईआवळी मान्य उपचारांत आली नाही.

‘प्रतिकारशक्ती वाढवा, यकृत वाचवा’ अशा जाहिराती वाचताना हे लक्षात ठेवावे. या आजारात यकृताची बरीचशी हानी आपल्याच प्रतिकारपेशी करतात. लागण झालेल्या यकृतपेशींवर त्या तुटून पडतात. इंटरफेरॉनची इंजेक्शने प्रतिकारशक्तीला चेतवतात, पण ती निवडक रुग्णांनाच आणि सतत तपासण्या करत द्यावी लागतात. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरच्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. काढ्याच्या भरवशावर त्या परस्पर बंद केल्यास आजार अचानक उसळून जिवावर बेतू शकते.

ब्लुमबर्ग ५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियात वारले. बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस टोचली जाते, ती त्यांच्याच कामातून पुढे आली. घरात बाळ येणार असेल, तर पहिला डोस वेळेत मिळेल याची चौकशी प्रसूतीआधीच करून ठेवावी.