इंजिनिअरची नजर

मित्रांनो, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवला तो आपल्यासारख्याच इलेक्ट्रिकलवाल्या विद्यार्थ्याने! अर्न्स्ट रुस्का, जन्म १९०६, जर्मनी. बर्लिनमध्ये शिकतानाच १९३१ साली त्यांनी मॅक्स नोल यांच्याबरोबर तारेच्या कॉइलचं चुंबकीय भिंग करून इलेक्ट्रॉन वळवले. १९३३ला त्यांच्या यंत्राने साध्या मायक्रोस्कोपला मागे टाकलं. पण या झोतात पेशी जळणारच, म्हणून पैसे लावायला कोणी तयार होईना. डॉक्टर भाऊ हेल्मुट मात्र पाठीशी राहिला. १९३९ला सीमेन्सने यंत्र विक्रीला आणलं.

पुढे अशाच यंत्रांत दिसलं, की उपाशी यीस्ट पेशी पोटातच चार बीजाणू घडवते. प्रत्येकाभोवती थराथरांची भिंत. चांगले दिवस येईपर्यंत ते तग धरतात. रुस्कांना नोबेल मिळालं १९८६ला, दोन वर्षांनी ते गेले. तब्बल ५५ वर्षं! मला तर तेही बीजाणूसारखेच चिवट वाटतात.