पंडिता रमाबाई आणि मनोरमा

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात धर्मांतर व स्त्रीशिक्षण यांची चर्चा विपुल आढळते. मनोरमेचा उल्लेख मात्र ओझरता असतो. वस्तुतः त्यांच्या स्वातंत्र्यकल्पनेची कसोटी या लेकीच्या बाबतीतच लागली. १८८१ मध्ये जन्मलेली मनोरमा वर्षाची होण्यापूर्वीच पित्याला अंतरली. १८८३ मध्ये मायलेकी इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठवासी भगिनींना मुलीला आपल्या पंथाच्या शिकवणीत वाढवावयाचे होते. रमाबाई ज्यांना ‘आजीबाई’ म्हणत, त्या सिस्टर जेराल्डीन यांनाच त्यांनी पत्रांतून ठामपणे कळविले, की मुलीला काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार आईचा आहे. (ही पत्रे जेराल्डीन यांनीच संकलित केली, हे वाचताना विसरता येत नाही.) या आग्रहात मुलीच्या इच्छेला जागा नव्हती, अर्थात ती तेव्हा अवघी चार-पाच वर्षांची होती.

पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिकून मनोरमा परतली आणि नाते पालटले. शारदा सदनाची मुख्याध्यापिका म्हणून ती आईची सहकारी झाली. रमाबाई केडगावी बायबलच्या मराठी अनुवादात गढल्या, त्यांचे बहिरेपण वाढत गेले, तसतसा मुक्ती सदनाचा कारभार लेकीकडे आला. एकेकाळी जिच्या वतीने आई बोलत असे, तीच आता आईचा आधार झाली होती. आपल्यामागे संस्था तिनेच चालवावी, अशी रमाबाईंची योजना होती. परंतु १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाच आधी गेली. अनुवादाचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.