सहा चित्रं डावीकडे, सहा उजवीकडे: मिखाईल बोंगार्ड यांची गोष्ट

आधी एक छोटंसं कोडं सोडवू. मोबाईलची स्क्रीन आडवी धरलीय आणि मधोमध एक उभी रेघ आहे अशी कल्पना करा. डावीकडे सहा चौकटी आहेत आणि प्रत्येकीत एक त्रिकोण. एक भलामोठा, एक चिमुकला, एक तिरका, एक काळ्या रंगाने भरलेला, एक नुसत्या रेघांचा, एक कोपऱ्यात सरकलेला. उजवीकडेही सहा चौकटी, त्यांत असेच लहान-मोठे, काळे-पोकळ चौकोन. आता सांगा, दोन्ही बाजूंत फरक काय?

तुम्ही म्हणाल, हे काय कोडं झालं? तीन बाजू आणि चार बाजू! बरोबर. पण एवढं उत्तर देताना तुम्ही आकार, रंग, तिरकेपणा, जागा हे सगळं बाजूला सारलंत. काय बघायचं आणि काय सोडायचं, हे तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. या प्रकाराला 'बोंगार्ड प्रॉब्लेम' म्हणतात. ज्यांच्या नावावरून हे नाव पडलं, त्यांची आज ओळख करून घेऊ.

सुरुवात डोळ्यापासून

मिखाईल मोइसेयेविच बोंगार्ड यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२४ चा, मॉस्कोचा. शिक्षण मॉस्को विद्यापीठात, विषय भौतिकशास्त्र. पुढे ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या जीवभौतिकी संस्थेत काम करू लागले आणि त्यांचा विषय झाला डोळा. माणसाला रंग कसे दिसतात, प्रकाशाची नोंद डोळा कशी घेतो, याचा त्यांनी अभ्यास केला.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. आम्ही कोड लिहिणारी मंडळी कॉम्प्युटरकडून सुरुवात करतो आणि मग त्याला 'बघायला' शिकवतो. बोंगार्ड उलट्या दिशेने आले. डोळ्यावर हजारो रंग आणि हजारो ठिपके पडतात, तरी आपण म्हणतो, "ही गाय आहे." एवढ्या पसाऱ्यातून एक शब्द कसा निघतो? हाच प्रश्न त्यांनी नंतर मशीनला विचारला.

माहितीबद्दलही त्यांचा विचार वेगळा होता. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहिती मोजायचं गणित दिलं. आपलं आजचं इंटरनेट त्याच पायावर उभं आहे. पण ती माहिती कुणाच्या कामाची आहे का, हे ते गणित बघत नाही. बोंगार्ड यांनी 'उपयुक्त माहिती' ही कल्पना मांडली. समजा मोबाईलवर मेसेज आला, 'राज्यात तुरळक ठिकाणी पाऊस'. माहिती आहेच की! पण उद्या फवारणी करू की नको, हे ठरवायला माझ्या काकांना तिचा उपयोग किती? जवळपास शून्य. बोंगार्ड यांना हेच मोजायचं होतं: समोरचं काम सोडवायला ही माहिती किती मदत करते?

मशीन उतरली तेलाच्या विहिरीत

१९६० च्या दशकात बोंगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणारे प्रोग्रॅम तयार केले. एकाचं नाव 'अरिथमेटिक'. त्याला आकड्यांचे तक्ते द्यायचे आणि त्या आकड्यांमागे बेरीज-गुणाकाराचा कोणता नियम दडलाय, हे त्याने ओळखायचं.

दुसरा प्रोग्रॅम 'कोरा'. याचं काम फार साध्या रीतीने चालायचं. समजा आपल्याकडे दोन गट आहेत. प्रत्येक नगाबद्दल हो-नाही अशी उत्तरं आहेत. कोरा तीन-तीन लक्षणांच्या जोड्या लावून बघायचा: हे आहे, तेही आहे आणि ते तिसरं नाही, असा मेळ पहिल्या गटात बऱ्याचदा दिसतो आणि दुसऱ्यात एकदाही दिसत नाही का? तसं असेल तर तो मेळ ठेवायचा, नाहीतर फेकायचा. नवा नग आला की ठेवलेले सगळे मेळ आपापलं मत देणार आणि ज्या गटाला जास्त मतं, त्यात तो नग जाणार. थोडक्यात, ग्रामपंचायतीची निवडणूक!

हा खेळ नव्हता. तेलविहिरीत उपकरणं सोडून खडकांच्या थरांची मोजमापं घेतात. त्यावरून थरात तेल आहे की पाणी, हे ठरवायचं असतं. अंदाज चुकला तर केलेला खर्च पाण्यात, अगदी शब्दशः. बोंगार्ड यांच्या गटाने हे काम कोरावर सोपवून बघितलं. पुढे १९७० च्या दशकात गणितज्ञ इस्राएल गेलफांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच पद्धत मोठे भूकंप कुठे होऊ शकतात ते हुडकायला वापरली.

शंभर कोडी

१९६७ मध्ये बोंगार्ड यांचं 'ओळखण्याची समस्या' अशा अर्थाच्या नावाचं रशियन पुस्तक आलं. १९७० मध्ये ते इंग्रजीत निघालं. पुस्तकाच्या शेवटी ओळखणाऱ्या प्रोग्रॅमसाठी परीक्षा म्हणून त्यांनी शंभर कोडी दिली. प्रत्येक कोड्यात बारा चित्रं, डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा. पहिलं कोडं: रिकाम्या चौकटी आणि काहीतरी असलेल्या चौकटी. दुसरं: मोठे आकार आणि लहान आकार. तिसरं: पोकळ आणि भरलेले. शंभरावं: रशियन लिपीतली 'अ' आणि 'ब' ही अक्षरं, नाना तऱ्हांनी काढलेली.

ही कोडी बघताना मला त्यांची वर्गवारी करायचा नाद लागला. काही कोड्यांत दोन्ही बाजूंना आपापली ओळख असते, जसं त्रिकोण आणि चौकोन. काहींत एका बाजूची ओळख म्हणजे दुसरीचा नुसता अभाव असतो: इकडे आकाराला आत वळलेला खळगा नाही, तिकडे आहे. काहींत एकेक आकार बघून काहीच कळत नाही, चौकटीतल्या दोन आकारांचं आपसातलं नातं बघावं लागतं. आणि एकच काळा त्रिकोण एका कोड्यात 'काळा' म्हणून मोजला जाईल, दुसऱ्यात 'त्रिकोण' म्हणून. म्हणजे चित्राचा अर्थ एकट्या चित्रात नसतोच, समोर कोणता गट ठेवलाय त्यावर तो ठरतो. त्यामुळे प्रश्न बघण्याआधीच लक्षणांची पक्की यादी मशीनला देऊन भागत नाही.

आमच्या कापसात हेच कोडं

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे कापूस घेणाऱ्याला हे कोडं रोज सुटतं. गुलाबी बोंडअळी लागली की फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत, चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसतात. तिला डोमकळी म्हणतात. डावीकडे सहा डोमकळ्या, उजवीकडे सहा चांगली फुलं ठेवा. माझी आजी शाळेत गेली नाही, पण तिला बारा चित्रंही लागणार नाहीत. २०१७ च्या हंगामात या अळीने मराठवाड्यात आणि विदर्भात किती नुकसान केलं, ते शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. डोमकळी वेळेत दिसली तर तोडून अळीसकट नष्ट करता येते. उशीर झाला तर अळी बोंडात जाते आणि वरून पत्ताही लागत नाही.

आता हेच काम मोबाईलला द्या. समजा शिकवायला दिलेले डोमकळीचे सगळे फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात काढलेत आणि चांगल्या फुलांचे भर दुपारी. मशीन काय शिकेल? कदाचित ऊन! परीक्षेत शंभर टक्के मार्क, शेतात भोपळा. मी स्वतः एका ॲपवर कापसाचं एकच पान आधी मातीवर ठेवून आणि मग पांढऱ्या फडक्यावर ठेवून दाखवलं, तर दोन वेगवेगळे रोग आले. दोन रोग म्हणजे दोन औषधं आणि खर्चही दुप्पट. तो कुणाच्या खिशातून जाणार?

बोंगार्ड यांची कोडी नीट बघा, म्हणजे यावरचा उपाय दिसेल. गटातली सहा चित्रं एकमेकांपासून मुद्दाम वेगळी असतात, म्हणजे खरा फरक तेवढा शिल्लक राहतो. आणि उत्तर म्हणून नुसतं 'डावं' किंवा 'उजवं' चालत नाही, नियम एका वाक्यात सांगावा लागतो.

डोंगरावरचा शेवट

बोंगार्ड यांना गिर्यारोहणाचं वेड होतं. आयुष्याच्या शेवटच्या काळात ते सहकाऱ्यांबरोबर एका काल्पनिक 'प्राण्या'च्या वागण्याचं मॉडेल बनवत होते. नुसतं ओळखून न थांबता ठरवणारं आणि वागणारं काहीतरी. ऑगस्ट १९७१ मध्ये डोंगरातच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४६. ते काम त्यांच्या मागे १९७५ मध्ये छापलं गेलं.

जगभर नाव झालं ते आणखी उशिरा. डग्लस हॉफस्टॅडर यांनी १९७९ च्या 'गोडेल, एशर, बाख' या गाजलेल्या पुस्तकात ही कोडी मांडली आणि संशोधक त्यांच्या मागे लागले. १९९० च्या दशकात जपानमधल्या एका प्रोग्रॅमने शंभरपैकी ४१ सोडवली, पण चित्रांचं वर्णन माणसांनी आधीच लिहून दिलं होतं. २०२० मध्ये याच धर्तीवर १२,००० कोड्यांचा संच तयार झाला. २०२४ मधल्या एका अभ्यासात तेव्हाची नामांकित एआय मॉडेल्स साध्या सर्पिलाच्या कोड्यावरही अडखळताना दिसली. पुढची मॉडेल्स जास्त सोडवतील, यात मला शंका नाही. पण परीक्षा तीच राहील.

म्हणून मित्रांनो, एखादं ॲप फोटो बघून म्हणालं, "हा अमुक रोग आहे", तर लगेच दुकानात पळू नका. फोटो दुसऱ्या उजेडात, दुसऱ्या जागी ठेवून काढा आणि उत्तर बदलतंय का बघा. मग विचारा: कशावरून? नियम सांगता आला तर तो शेतात जाऊन पडताळा. नाही सांगता आला, तर औषध घेण्याआधी तेच पान आजीला दाखवा.