पेशव्यांविरुद्ध लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची मराठी नावं जगभर पोहोचवली

गळाला पिसांची खोटी माशी बांधून मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. या छंदात महसीर हा मानाचा मासा. त्याची दख्खनमधली जात शास्त्रात ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखली जाते. यातला ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन नाही, इथल्या नदीकाठचा आहे. तो शास्त्राच्या पुस्तकात नेला कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांनी.

सायक्स यांचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते कोवळ्या वयातच दाखल झाले. १८१७ च्या खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या फौजेविरुद्ध लढले.

पण बंदुकीपेक्षा वहीत त्यांचा जीव जास्त रमायचा. आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळची वेरूळची लेणी त्यांनी बारकाईनं पाहिली. त्यावरचा त्यांचा लेख १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आला.

१८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलं. जमीन, पिकं, माणसं, पाऊस, सगळ्याची नोंद ठेवायची. १८२९ मध्ये हे पदच रद्द झालं, तरी सायक्स थांबले नाहीत. त्यांनी सैन्यातून रजा घेतली आणि बिनपगारी राबून काम पूर्ण केलं.

या भटकंतीत त्यांनी पक्षी आणि प्राण्यांसोबत मुळा-मुठा, भीमा, इंद्रायणी या नद्यांतले मासेही तपासले. दोन मासे वरवर सारखे दिसतात, मग वेगळे कसे ओळखायचे? त्यासाठी मिशा किती, परात काटे किती, खवले केवढे, तोंडाची ठेवण कशी, हे पाहावं लागतं. सायक्स यांनी तसंच केलं आणि चित्रंही काढून घेतली. १८३९ मध्ये दख्खनमधल्या चाळीसहून अधिक माशांची त्यांची वर्णनं लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

त्या काळी नव्या जातीला साहेबाचं किंवा मित्राचं नाव देणं सर्रास चालायचं. सायक्स यांनीही एका माशाला निसर्ग अभ्यासक यॅरेल यांचं नाव दिलं. पण बहुतेक ठिकाणी त्यांनी स्थानिक नावंच उचलली. खुद्री, बोगट, नुक्ता, कोळस, शिंगटी ही त्यातलीच.

शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. अभ्यास पुढे गेला की प्रजाती बदलू शकते, पण जातीचं आधी दिलेलं नाव शक्यतो तसंच राहतं. सायक्स यांनी खुद्रीला ‘बार्बस’ प्रजातीत ठेवलं होतं. पुढे ती ‘टॉर’ झाली. ‘खुद्री’ मात्र हललं नाही.

सायक्स १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले, पुढच्या वर्षी ॲबरडीनचे खासदार. १६ जून १८७२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या यादीतल्या एका नावाचा घोळ मात्र पुढे बराच काळ चालला. ‘मुसुल्ला’ हे नाव त्यांनी दख्खनमधल्या एका माशाला दिलं होतं. नंतर तेच नाव कावेरीतल्या कुबडवाल्या महाकाय महसीरलाही चिकटलं. हौशी मासेमारांमध्ये हा मासा जगप्रसिद्ध होता, पण स्वतःचं पक्कं शास्त्रीय नाव नसल्यानं धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याला जागाच नव्हती. तिकडे नदीत तो झपाट्यानं कमी होत होता. अखेर २०१८ मध्ये संशोधकांनी तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं दाखवून दिलं. त्यानंतर तो अतिसंकटग्रस्त जातींत नोंदवला गेला. त्याच्या घटीमागचं एक कारण म्हणजे कावेरीत बाहेरून आणून सोडलेले महसीर. त्यात आपला खुद्रीही होता.

म्हणजे माशाची ओळख पटवणं हा नुसता पुस्तकी खेळ नाही. ओळख चुकली तर वाचवायचं कोणाला, हेच कळत नाही.

आजही खुद्रीचं पूर्ण शास्त्रीय नाव लिहिताना शेवटी ‘सायक्स, १८३९’ असं जोडतात. तो शब्द सायक्स यांच्या कानावर घालणारे नदीकाठचे मासेमार त्या नावात नाहीत. त्यांचा शब्द मात्र आहे.